आमच्या गच्चीची पैसेवारी

लाईट बिल 640 रुपये आलं. तुम्ही म्हणाल, परभणीत उन्हाळ्याचं बिल 640 म्हणजे तोंडात साखर घाला. मीही हेच म्हणालो असतो. पण शेजारच्या नानांचं 420 आलं, आणि नानांच्या गच्चीवर सोलर नाही. नानांच्या गच्चीवर कुरडया आहेत.

आमच्या गच्चीवर गेल्या ऑक्टोबरपासून 3 किलोवॅटचं सोलर आहे. 1 लाख 90 हजार दिले, पंतप्रधान सूर्यघर योजनेचं 78 हजार अनुदान आलं, म्हणजे खिशातून गेले 1 लाख 12 हजार. बसवणारा पोरगा जाताना म्हणाला, "सर, आता बिल विसरून जा." मार्चपर्यंत खरंच विसरलो. दर महिन्याला नुसता स्थिर आकार आणि वरची चिल्लर. असं पहिलं बिल आलं तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले. तिथंच चुकलो. पेढा खाल्लेला माणूस पुढं हिशेब विचारतो.

नाना निवृत्त तलाठी. आमची आजी असती तर पटवारीच म्हणाली असती. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं, तरी त्या काळातला हा शब्द तिच्या तोंडातून गेला नव्हता. मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळं अशा तारखा मला पाठ असतात आणि वीजबिल मात्र वाचता येत नाही. नानांचं उलटं. त्यांना कागदावरचं सगळं दिसतं, कागदावर नसलेलं काहीच दिसत नाही.

परवाच्या रविवारी सकाळी नाना आले ते दोन्ही बिलं शेजारी-शेजारी धरूनच. (आमचं बिल त्यांच्याकडं कसं गेलं? आमच्याच फाटकाला अडकवलेलं होतं, ते त्यांनी आत येता येता काढून घेतलं.)

"सर, सव्वा लाख घालून तुमचं 640. काई न घालता माझं 420. हे गणित बसना."

"नाना, ते तसं नसतंय," मी म्हणालो. हे वाक्य म्हणणारा माणूस वाद हरलेला असतो हे मला तीस वर्षं वर्गात उभं राहून माहीत आहे.

"तसं नसतंय तर कसं असतंय ते बगू. पैसेवारी काढू."

ज्यांना पैसेवारी माहीत नाही ते सुखी लोक मराठवाड्याबाहेर राहत असावेत. आमच्याकडं लेकराला पाढे यायच्या आधी पैसेवारी कळते. गावात पीक किती यायला पाहिजे होतं आणि प्रत्यक्षात किती आलं याचं प्रमाण म्हणजे पैसेवारी. रुपयातले किती पैसे पिकले, इतकंच. 50 पैशांच्या आत असली की दुष्काळ, वर असली की बोंब. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. नानांनी नोकरीत अशा किती पैसेवाऱ्या काढल्या याचा हिशेब त्यांच्याकडंही नाही. पण हात अजून शिवशिवतो. घरी जाऊन त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, कोपऱ्यावरून इस्त्रीवाल्याला आणि फाटकात उभ्या दूधवाल्याला पंच म्हणून वर बोलावलं, आणि आम्ही चौघं गच्चीवर चढलो. इस्त्रीवाल्याची इस्त्री खाली कोळशावर तापत होती. "जळंल हो कपडा," तो दोनदा म्हणाला. "सरकारी काम हाय," नाना म्हणाले. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली आहेत त्यांना.

आधी चतुःसीमा. "पूर्वेस पाण्याची टाकी. पश्चिमेस जिन्याची खोली. दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. उत्तरेस..." नाना वाकून बघत म्हणाले, "उत्तरेस आमच्या कुरडया." मग पॅनल मोजले. "वाफे सहा."

"पॅनल, नाना."

"वाफे सहा," त्यांनी लिहिलं. "कोरडवाहू का बागायत?"

मला प्रश्नच कळला नाही.

"पाणी देता का नाई?"

आता हा विषय निघायला नको होता. पॅनलवर धूळ बसली की उत्पादन घटतं, म्हणून धुवावे लागतात. आमच्याकडं नळाला पाणी येतं आठव्या-दहाव्या दिवशी. ज्या मुलखात 2016 साली मिरजेहून रेल्वे भरून लातूरला पाणी आणलं, त्या मुलखात मी पहाटे उठून काचेला अंघोळ घालतो. तेही चोरून, बायको उठायच्या आत, कारण तिच्या मते त्या दोन बादल्यांत एक अख्खी चादर निघते. बोअरच्या पाण्यानं धुतले तर क्षाराचे पांढरे डाग पडतात, म्हणजे धूळ परवडली. नानांनी पॅनलवरून बोट फिरवलं, फुफाट्याची एक काळपट रेघ बोटावर आली, ती त्यांनी पंचांना दाखवली. दोघांनीही ती गंभीरपणे पाहिली.

"जिरायत," नाना म्हणाले, आणि लिहिलं.

मग आलं प्रमाण उत्पन्न. इथं मी मोबाईल काढला, कारण सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरच्या वापराजोगी करणारा डबा, त्याच्या ॲपवर सगळं असतं. एका किलोवॅटमागं दिवसाला साधारण 4 युनिट धरतात, तिनाला 12, तीस दिवसांचे 360. ॲपवर महिन्याचे दिसत होते 318.

"अठ्ठ्याऐंशी पैसे," नाना मनातल्या मनात भागाकार करून म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. 88 पैसेवारी म्हणजे सुकाळ. सुकाळात तलाठ्याला काम नसतं. "बाकीचे 42 कुठं गेले?"

मी सांगितलं. धुळीत काही गेले, काही उन्हात.

"उन्हात?"

हे मलाही पटायला वेळ लागला होता. पॅनलची ताकद मोजतात 25 अंशांना. त्याहून पॅनल जितका तापेल तितकी वीज घटते. त्याला हवा असतो उजेड, ऊन नको असतं. आणि 25 अंश म्हणजे परभणीत मे महिन्यात पहाटे पाचला मुश्किलीनं. 43 अंशाला ते काळे पॅनल तव्यासारखे तापलेले असतात. दुपारी एकला ॲपवर 3 किलोवॅटऐवजी 2.3 दिसतात. ऊन आमच्याकडं भरपूर, म्हणून सोलर आमच्याकडं जोरात चालेल असं मला वाटलं होतं. बनी तो बनी, नहीं तो परभणी.

"म्हणजी उन्हाचं पीक उन्हानंच जळायलंय," नाना म्हणाले. हे मात्र त्यांनी लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.

मग त्यांनी बिलावर बोट ठेवलं. "हितं तर कंपनीला दिलेले युनिट 142 लिवलेत. तुमचा मोबाईल म्हणतोय 318. मधले 176 कोणी खाल्ले?"

दूधवाला सावरून उभा राहिला. अफरातफर म्हटलं की आपल्याकडं पहिली नजर दुधाकडं जाते.

"नाना, ते आम्हीच वापरले. दिवसा सोलरची वीज आधी घरातच जाते. पंखा, फ्रिज, एसी. त्यातून उरते ती मीटरमधून बाहेर जाते. घरात वापरली ती मीटरला दिसतच नाही."

"नोंद?"

"बिलावर नसते."

"मग नाई पिकली."

"अहो, पिकली! खाल्ली!"

"सर, शेतकरी पण हेच सांगतो. हुरडा खाल्ला, पाव्हण्याला दिला, पाखरं पण खाऊन गेली. ज्याची नोंद नाई ते पीक नाई. माझ्या सर्व्हिसमधी मी कदी हुरडा धरला नाई."

इथं मी खरोखर चिडलो. कारण सोलरची अर्ध्याहून जास्त बचत ह्या हुरड्यात आहे, आणि ती कोणालाच दिसत नाही. रात्री मी कंपनीकडून 214 युनिट घेतले, दिवसा 142 दिले, उरलेल्या 72 चं बिल आलं. जगाला दिसतं ते एवढंच. पण आमच्या घरानं प्रत्यक्षात जाळले 390. हे 390 सोलर नसताना जाळले असते तर शंभरचा टप्पा, तीनशेचा टप्पा ओलांडून वरच्या दरात गेलो असतो. पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या दुपटीहून जास्त दर तिथं लागतो. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. बिल पाच हजारांच्या घरात गेलं असतं. म्हणजे वाचले चार हजारांवर.

हे मी बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, "वाचले, तर ठेवले कुठं?"

आणि खरी गोम तिथंच आहे. गेल्या वर्षी ह्याच महिन्याचं बिल 3,280 होतं, 290 युनिटांचं. तेव्हा एसी रात्री दोन तास, तोही पाहुणे आले तर. आता 'फुकट आहे' म्हणून दुपारीही चालतो. ह्या वाढलेल्या शंभर युनिटांना बचत म्हणायचं का चैन? गेल्या वर्षीशी तुलना केली तर वाचले 2,640. न जाळलेल्या, म्हणजे जाळलेल्या, म्हणजे जाळले असते तर... इथं माझं गणित दर वेळी अडकतं. सोलर विकणारे मोठा आकडा सांगतात, सोलर न घेतलेले छोटा. मी घेतलेला असूनही छोटाच धरतो, कारण मोठा धरला की बायको तेवढ्याचं काहीतरी मागते.

आणि ह्या चैनीतला मोठा वाटा कोणाचा? नानांचा! दुपारी एकच्या ठोक्याला ते येतात आणि चारला जातात. "तुमचं काय, सूर्याचंच हाय," म्हणत दिवाणावर आडवे होतात. तासाला एक युनिट धरा, महिन्याला नव्वद. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या आमच्या फ्रिजात, कारण त्यांचा फ्रिज त्यांनी मुलाला दिला. मोबाईल आमच्याकडं चार्जिंगला. बातम्या आमच्या टीव्हीवर. त्यांचं 420 चं बिल हे माझ्याच गच्चीचं पीक आहे, फक्त फेरफार त्यांच्या नावानं झालाय. पण हे गच्चीवर पंचांसमोर बोलायचं कसं? मोठा माणूस. शिवाय आमच्या लेकीच्या लग्नात तीन दिवस कोठीवर हाच बसला होता.

मी दुसरीकडून गेलो. "नाना, मार्चअखेर माझे 412 युनिट कंपनीकडं जमा होते. थंडीत आभाळ स्वच्छ, पंखे बंद, चांगले साठले होते. 31 मार्चला वर्षाचा हिशेब मिटवला. उरलेले युनिट पुढं धरत नाहीत, त्यांच्या दरानं विकत घेतात. आणि तो दर मी भरतो त्याच्या कितीतरी खाली. ते 412 हातात असते तर ह्या महिन्याला 72 चं बिल आलंच नसतं."

नानांनी पेन थांबवलं. पहिल्यांदाच माझ्याकडं माणूस म्हणून बघितलं.

"म्हणजी सुगीत माल आडत्याला घातला, आन् मृगात बी त्याच्याच दुकानातून घ्यायलात."

"तेच."

"आन् हे ठरवलेलं कोणाचं?"

"नियम आहे."

"31 मार्च कामून? 31 मे केलं तर काय बिघडतंय?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ज्यानं ती तारीख ठरवली त्याला एकदा एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर अनवाणी उभं करावं असं वाटतं. सरकारी आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणून माझं साठवलेलं ऊन नेमकं उन्हाळ्याच्या तोंडाशी मोडीत निघतं. पावसाळ्यात पिकणार नाही, थंडीत पिकेल, आणि पुन्हा मार्चला भंगारात.

तेवढ्यात खालून जळका वास आला आणि इस्त्रीवाला पळाला. एका पंचावर पंचनामा उरकावा लागला. नानांनी गणित मांडलं. नोंद झालेले 142, प्रमाण 360. "39 पैसे," ते म्हणाले. मग थोडा विचार करून 39 वर काट मारली आणि 49 लिहिलं.

"हे काय?"

"39 लिवलं की वरून चौकशी लागती. 49 बरं असतंय. दुष्काळ पण लागतो आन् कोणी येत पण नाई." मग आवाज खाली करून, "दुष्काळात कृषी पंपाच्या बिलाला साडेतेहतीस टक्के सूट असती, सर. तुमच्या भल्याचंच केलं."

"मला कुठं पंप आहे?"

"नाई, पण आपलं लागून राहिलेलं बरं."

दहा वाजेपर्यंत गल्लीला कळलं होतं की सरांच्या गच्चीवर दुष्काळ जाहीर झाला. किराणावाल्यानं टँकर कधी येणार विचारलं. ज्यांनी माझे पेढे खाल्ले होते त्यांनी सगळ्यात जास्त दात काढले. एका माजी विद्यार्थ्यानं, ज्याला मी दोनदा नापास केलं होतं, हिशेब घातला की 1 लाख 12 हजारांची सात टक्क्यांनी ठेव केली असती तर वर्षाला 7,840 व्याज मिळालं असतं. हा हिशेब बरोबर आहे. म्हणूनच जास्त लागला.

दुपारी एकला नाना आलेच, रजिस्टर काखेत. सुधारित पैसेवारीसाठी माझी खातेदार म्हणून सही राहिली होती. दिवाणावर बसले, पाय वर घेतले. मी एसी लावला. एक वाजून वीस मिनिटांनी लाईट गेली. बाहेर 43 अंश, गच्चीवर सहा पॅनल कडक उन्हात चकाकत होते, आणि आत पंख्याचं पातं हळूहळू थांबत आलं.

"तुमचं सोलर असून?" नाना म्हणाले.

मी सांगितलं. बॅटरी नसलेलं सोलर असंच. बाहेरची लाईट गेली की इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. नाहीतर आपल्या गच्चीची वीज तारेत शिरून खांबावर चढलेल्या लाईनमनला शॉक बसेल.

नाना बराच वेळ गप्प बसले. कपाळावरचा घाम त्यांच्या चष्म्यावर उतरला, तो त्यांनी उपरण्यानं पुसला. मग रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या ओळीखाली, सावकाश, एकेक अक्षर टोकरत लिहिलं: 'दुपारी समक्ष पाहणी केली असता खातेदार व शेजारी दोघेही घामाघूम आढळून आले. पंचनामा वाचून दाखविला, तो बरोबर आहे.'

पेन माझ्याकडं केलं. मी सही केली.