‘दोन दिवस गाडी ठेवून नुसता रेडिएटर धुतला’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार शेठ,

एक स्टार दिलात, ठीक आहे. तुमची तक्रार अशी की मालाची गाडी दोन दिवस अडकली, एकही पार्ट न बदलता बिल लावलं, ट्रायलही तुमचंच डिझेल जाळून घेतली, आणि एवढं करून भर दुपारी कसारा घाटात गाडी अजून दम सोडते. रात्री नीट चालते, असंही तुम्हीच लिहिलंय. दुसरे मिस्त्री म्हणतात डिझेल पंप गेलाय. इथे बाकीचे गाडीवालेही वाचतात, म्हणून सगळं लिहितो.

गाडी आडगावला आमच्याकडे आली ती सकाळी, रिकामी. तेव्हा ती झकास पळत होती. उन्हात, लोडवर, चढाला येणारा फॉल्ट थंड रिकाम्या गाडीत दिसत नाही, आणि फॉल्ट न बघता पार्ट बदलायचे म्हणजे तुमच्या पैशांवर आम्ही अंदाज करायचे. म्हणून तुम्ही भिवंडीहून नाशिकचा माल भरलात तेव्हा आमचा मुलगा कसाऱ्याला केबिनमध्ये चढला आणि इगतपुरीपर्यंत स्कॅनर लावून बसला. ती फेरी तुमच्या भाड्याचीच होती शेठ, आमच्यासाठी वेगळी मारलेली नाही.

त्या दुपारी बाहेर ३९ अंश होते. दम तुटला त्या क्षणी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जेवढं रेल प्रेशर (नोझलला जाणाऱ्या डिझेलचा दाब) मागत होता तेवढं त्याला मिळत होतं. पंप किंवा नोझल गरम झाल्यावर लीक करत असते, तर मागणी आणि प्रत्यक्ष प्रेशर यांत फरक पडला असता. तोपर्यंत बूस्टही (टर्बो देतो तो हवेचा दाब) पुरेसा होता, म्हणजे टर्बोचे होज पाईप शाबूत. युरियाचा (धूर साफ करायला मारतात त्याचा) फॉल्टही नाही, कारण तो असता तर गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी करून गेला नसता. बिघडलं होतं ते तापमान. टर्बोतून दाबली गेलेली हवा दीडशे अंशांच्या वर जाऊ शकते. इंटरकूलरनं (ही हवा थंड करणारी रेडिएटरपुढची जाळी) ती बाहेरच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त, इथपर्यंत खाली आणायला हवी. तुमच्या गाडीत ती ८८ अंशांनी इंजिनात जात होती आणि कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) १०४ वर होतं. अशा वेळी इंजिन वाचवायला ईसीयू स्वतःच डिझेल कमी करतो. दिवा लागेलच असं नाही. ड्रायव्हरला पायाखाली जाणवतं ते अगदी पंप गेल्यासारखंच, त्यामुळे त्याचा दोष नाही.

आता तो ‘नुसता धुतलेला’ रेडिएटर. वॉशिंग सेंटरवर समोरून प्रेशर मारून मारून सगळी घाण इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसली होती. समोरून जाळी आरशासारखी, मागे धूळ, रुई आणि ऑईलची गोधडी. ती पाईप मारून निघत नाही. दोन्ही सुटं करावं लागतं, इंजिनाच्या बाजूनं कमी प्रेशरनं धुवावं लागतं, वाकलेल्या पट्ट्या सरळ कराव्या लागतात, मग कुलंट भरून हवा काढायची. दुसरा दिवस त्यात गेला.

पार्ट बदलला नाही हेही बरोबर नाही. थर्मोस्टॅट वॉल (कुलंट गरम झालं की रेडिएटरकडे सोडणारा) नवीन टाकलाय, बिलाची दुसरी ओळ बघा. आधी कोणीतरी ‘गाडी थंड राहील’ म्हणून तो काढूनच टाकला होता. तुमच्या इंजिनात वॉल नसला की बायपास उघडा राहतो, थोडं कुलंट रेडिएटरमध्ये न जाता तसंच परत फिरतं आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. ही सवय हायवेवरच्या निम्म्या मिस्त्र्यांना आहे, काय बोलणार.

राहिला फॅन. गरम इंजिन बंद करून हातानं पंखा फिरवला तर तो जड लागायला हवा. तुमचा भिंगरीसारखा फिरतो, म्हणजे व्हिस्कस क्लच (गरम झालं की पंखा जोरात फिरवणारा) संपलाय. हे फोनवर सांगितलं होतं, तुम्ही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणालात, बिलाखाली तसं लिहिलंही आहे. घाटात गाडी दहा-पंधराच्या स्पीडनं चढते, समोरून वारा नाही, तिथे सगळी भिस्त पंख्यावरच. रात्री हवा थंड असते म्हणून निभावतं.

पंप उतरवण्याआधी त्या मिस्त्रींना आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेलं रेकॉर्डिंग दाखवा. तरी शंका असेल तर इंजिन गरम असताना नोझलचं रिटर्न (त्यातून परत जाणारं डिझेल) मोजायला सांगा, खर्च किरकोळ आहे. फॅन क्लच कुठेही बसवा, आमच्याकडेच असं नाही. फक्त फॅन डायरेक्ट, म्हणजे क्लचशिवाय कायम जोडलेला, करून घेऊ नका, तो थंडीतही फिरत राहून डिझेल खातो. क्लच बदलूनही दुपारी दम तुटला तर पुन्हा स्कॅनर लावू, टेस्टिंगचे पैसे घेणार नाही. गाडी मात्र माल भरूनच आणा.