दाजी, हेल्मेटच्या दंडातून पोलिसांची बोलेरो येत नाही

‘पोलिसांना नव्या गाड्या, भुर्दंड मात्र तुम्हाला!’ या मथळ्याचा मेसेज सध्या संभाजीनगरच्या निम्म्या ग्रुपांवर फिरतोय. मी सोडून दिला असता. पण आमच्या दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर ‘उद्यापासून हेल्मेट बंद’ असं जाहीरही केलं. दाजी वाळूजला कंपनीत आहेत, रात्रपाळीलाही दुचाकीवरच जातात. म्हणून हा खटाटोप.

मेसेज म्हणतो: महापालिका तुमच्या घरपट्टीतून पोलिसांना गाड्या घेऊन देते. ते पुरेना म्हणून हेल्मेटसक्ती आणली. दंडाचे पाचशे रुपये थेट पोलीस आयुक्तालयात जमा होतात, त्यातून बोलेरो येतात. जुन्या गाड्या धडधाकट असताना भंगारात काढल्या. तेव्हा दंड भरू नका, हेल्मेट घालू नका, पोलिसांची रसद आपोआप तुटेल.

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण माणसं मरतात ती तिथं.

राज्यघटनेचं कलम २६६ काढून वाचा. राज्य सरकारला मिळणारा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि विधिमंडळानं कायदा करून मंजुरी दिल्याशिवाय त्यातून रुपया बाहेर पडत नाही. क्रांती चौकात तुमच्या गाडीचा फोटो निघाला आणि तुम्ही मोबाइलवरून ई-चलानचे पाचशे भरले, तर ते शिक्षकांचे पगार आणि धरणांची दुरुस्ती ज्या तिजोरीतून होते, तिथंच जातात. फोटो काढणाऱ्या हवालदाराच्या ठाण्याला त्यातून टायरसुद्धा येत नाही. गृहखात्याला किती द्यायचे हे अर्थसंकल्पात ठरतं, चौकात किती पावत्या फाटल्या त्यावर नाही. उद्या अख्ख्या शहरानं दंड भरणं बंद केलं तरी पोलिसांची एक गाडी कमी होणार नाही. डोकी तेवढी फुटतील.

यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. सुप्रीम कोर्टानं ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात राज्यांना रस्ता सुरक्षा निधी उभारायला सांगितलं आणि त्यात शक्य तितका वाहतुकीच्या दंडाचा पैसा घालावा असं म्हटलं. पण तो निधी रस्ता सुरक्षेच्या कामांसाठी आहे, आयुक्तालयाचा गल्ला नव्हे. राहिली चौकातली चिरीमिरी. ती होते, मी कशाला नाकारू? पण ती कुठल्याच निधीत जात नाही, बोलेरोत तर नाहीच.

आणि हेल्मेटचं म्हणाल, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ सालचा आकडा आहे: हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशभरात मेले. त्यातले १४,३३७ मागं बसलेले होते. तुमच्या मागं माझी बहीण बसते, दाजी. वाळूजजवळच्या पंढरपूरच्या तिरंगा चौकात रात्री ट्रेलर कसे वळतात ते मला सांगायची तुम्हाला गरज नाही आणि मला तुम्हाला.

घरपट्टीचा मुद्दा दोन ओळींचा. आपल्याकडे पोलीस महापालिकेच्या हाताखाली नाहीत. घटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पोलीस’ हा विषय राज्यसूचीत दुसऱ्याच क्रमांकावर आहे. अमेरिकेत बऱ्याच शहरांचं पोलीस खातं नगर परिषदेच्या पैशावर चालतं, तिथला राग उचलून कुणीतरी इथं चिकटवलेला दिसतो. हां, स्मार्ट सिटीच्या पैशातून शहरभर सीसीटीव्ही लागले आणि त्या योजनेत महापालिकेचाही वाटा होता. तेवढं खरं. कॅमेरा म्हणजे गाडी नव्हे.

मग गाड्यांचा पैसा येतो कुठून? मुख्यतः गृहखात्याच्या अर्थसंकल्पातून. शिवाय पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीतून, म्हणूनच नव्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवायला पालकमंत्री असतात, महापौर नाही. दळणवळण, शस्त्रं, न्यायवैद्यक साहित्य यांसाठी केंद्राची पोलीस आधुनिकीकरण योजना आहे, तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के.

‘जुन्या गाड्या धडधाकट होत्या’ हे लिहिणाऱ्यानं ठाण्याच्या आवारात पहाटे दोन शिपाई जीपला धक्का मारतात ते पाहिलेलं नसावं. तिसरा आत बसून क्लच सोडतो, गाडी दोन आचके देते, काळा धूर सोडते आणि तिघंही लगबगीनं चढतात, कारण परत बंद पडली तर पुन्हा उतरायचं. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी वाहनाची नोंदणी नूतनीकृत होत नाही, ते नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावं लागतं. कायदा-सुव्यवस्थेच्या चिलखती आणि खास वाहनांना सूट आहे, सरसकट सगळ्यांना नाही. निर्लेखन झालेल्या, म्हणजे नोंदीतून बाद केलेल्या, गाडीच्या जागी दुसरी आली, तर ताफा वाढत नाही, टिकतो.

आणि तो वाढायलाही हवा. शहर २००१ ला ८ लाख ७३ हजारांचं होतं, २०११ ला पावणेबारा लाखांचं. पुढची जनगणना रखडली, पण सातारा-देवळाई, हर्सूल, वाळूज, शेंद्रा कुठवर पसरलंय ते डोळ्यांना दिसतं. तुम्ही मदतीसाठी ११२ हा आपत्कालीन नंबर फिरवला की फोन नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात लागतो, तिथून जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर तुमचा पत्ता येतो. ती गाडी गॅरेजात असली की दुसरी लांबून येते. तेव्हा ‘पोलीस वेळेवर येत नाहीत’ असा मेसेज फिरवणारेही हेच असतात.

गाड्यांचा हिशेब मागूच नये, असं मी म्हणत नाही. मुंबईत महिलांच्या सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून घेतलेल्या बोलेरो आमदार-खासदारांच्या बंदोबस्ताला लावल्याच्या बातम्या २०२२ च्या डिसेंबरात आल्या होत्या. मेसेज लिहिणाऱ्याला हे आठवलं असतं तर मी गप्प बसलो असतो. दाजी, खरंच राग असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आयुक्तालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला विचारा: मोटार परिवहन विभागाकडे चालू गाड्या किती, १५ वर्षांपुढच्या किती, गेल्या तीन वर्षांत नव्या किती आल्या आणि कुठल्या निधीतून, त्यातल्या ठाण्यांना किती दिल्या आणि पुढाऱ्यांच्या मागंपुढं किती धावतात. मसुदा मी लिहून देतो. हेल्मेट घालून न्यायला या.