‘बॅटरी गई, भाईसाब!’

अरे, निदान मीटर तरी लावा! ग्वाल्हेरात जानेवारीत गाडी अडली की बॉनेट उघडायच्या आधीच निकाल तयार: नई डलेगी.

सकाळचं धुकं, बोटं गारठलेली, काकूंना स्टेशनवर सोडायचंय आणि सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक. त्या आवाजालाही अर्थ असतो हो! भराभर टकटक म्हणजे करंट पुरत नाही. बॅटरी उतरलीय, नाहीतर टर्मिनलची पकड गेलीय. एकच जाड ‘टक’ आणि मग काहीच नाही, तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच, बघा. हेडलाइट लख्ख आणि सेल्फ मुका, तर बॅटरीला कशाला शिव्या घालता?

आमच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढलेला, क्लॅम्प बोटाने फिरत होता. दुकानातून आलेल्या पोराने तो पाहिला, पँटला हात पुसले आणि नव्या बॅटरीचा खोका आणायला निघाला! मीच दहाचा पाना काढला. आधी निगेटिव्ह सोडवला, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, फसफस, कोरडं फडकं. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. मीटरवर 12.5 व्होल्ट, गाडी चालू झाल्यावर 14.2. म्हणजे बॅटरी धड, तिला चार्ज करणारा अल्टरनेटरही धड. तरी पठ्ठ्या चेकिंगचे दोनशे मागतो. कसलं चेकिंग? पाना माझा, ब्रश माझा, सोडा स्वयंपाकघरातला!

त्यात गल्लीतले सल्लागार. एक म्हणतो, मारत राहा. अहो, सेल्फ जळेल! दहा सेकंदांच्या वर मारू नये, मध्ये जरा थांबावं. दुसरे दादा आपल्या गाडीच्या बॅटरीतून करंट द्यायला जंपर केबल घेऊन धावले, उपकारच त्यांचे, पण काळी वायर थेट उतरलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हला लावायला निघाले. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथेच ठिणगी पाडायचीय? शेवटचा काळा चिमटा इंजिनाच्या उघड्या धातूला लावतात. तिसऱ्याला ऑटोमॅटिक गाडीही धक्का मारून सुरू करायचीय. नमस्कार!

आणि ‘ठंड में चली जाती है’ हे पालुपद. थंडीत बॅटरीचा जोर कमी पडतो, कबूल. पण तिची खरी वाट लावतो तो इथला मे-जून, 45 डिग्रीचा. आतलं पाणी उडतं, प्लेटा खराब होतात. जानेवारीत फक्त पंचनामा होतो. उन्हाळ्यात पाणी बघा, टर्मिनल घासा, असं सांगणारा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एक दुकानदार भेटला तर शपथ. थंडी पडली रे पडली की मात्र दारात खोक्यांची थप्पी!