गच्चीवरून काय दिसतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

मिराज-2000 या लढाऊ विमानावरच्या माझ्या लेखावर एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. मी मिग-21 वर अन्याय केला, साल चुकवलं, सुखोईचा उल्लेखही केला नाही, असे त्यांचे आक्षेप. शिवाय हे एक वाक्य: "गच्चीवर पापड राखत विमानं बघणाऱ्यांनी लढाऊ विमानांची तुलना करू नये."

साल चुकलं, हे कबूल. मिराज आपल्या हवाई दलात 1985 मध्ये आलं, मी 1984 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण महोदय, ते पापडांचं वाक्य मला लागलं. मतभेदाचं काही नाही, पण ही बोलायची पद्धत झाली का?

माझे मामा ग्वाल्हेरच्या मुरार भागात राहायचे. महाराजपुऱ्याचा विमानतळ तिथून जवळ. मिराज आलं तेव्हा मी तिसरीत होतो आणि उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षी मामांकडेच जायची. सकाळी आजी गच्चीवर जुनी धोतरं अंथरून पापड घालायची आणि कावळे हाकायला मला बसवायची. आवाज आला की मी मान वर करायचो, तर तिथे काहीच नसायचं. विमान केव्हाच पुढे गेलेलं असायचं. आठवडाभरात शिकलो, आवाजाच्या पुढे बघायचं. खाली मामींच्या फळीवरची पितळी भांडी थरथरत असायची.

गच्चीवरून काय कळतं म्हणता? पोटाकडून बघितलं तर मिराज म्हणजे निव्वळ त्रिकोण, मागे आडवी शेपटी नाही. मिग-21 चे पंखही त्रिकोणीच, पण त्यामागे दोन छोटे आडवे पंख वेगळे दिसतात. मिगच्या नाकालाच हवा घ्यायचं तोंड आणि त्यात मधोमध सुळका. मिराजचं नाक टोकदार, हवा दोन्ही बाजूंनी आत जाते. उतरताना मिराज नाक चांगलंच वर करून येतं, कारण शेपटीविना त्रिकोणी पंखाला कमी वेगात तोलून धरायचं तर तसंच यावं लागतं. यातलं पुस्तकात मी फार नंतर वाचलं. आधी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि पुढे मिग-21 सुद्धा याच शहरावरून उडताना बघितलं. तुम्ही किती बघितलीत, ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

मिग-21 बद्दल मला आदर नाही, हे तुम्ही कुठून काढलंत? 14 डिसेंबर 1971 ला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं सोडली ती मिग-21 विमानांनी, हे मला शाळेपासून पाठ आहे. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला त्याला निरोप दिला, तेव्हा मी टीव्हीसमोरून हललो नाही. पण आदर वेगळा, आवड वेगळी. जून 1999 मध्ये टायगर हिलवर लेझरच्या नेमाने बॉम्ब टाकले ते मिराजने. फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटसाठी निघाली ती मिराजंही आमच्या ग्वाल्हेरचीच. त्या सकाळी बाड्याच्या चौकात चहावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. मुरारच्या पोराला याचा अभिमान वाटला, तर त्याला तुम्ही "भाबडं गावप्रेम" म्हणता. म्हणा.

सुखोईचं म्हणाल तर लेख माझ्या आवडत्या विमानाचा होता, हवाई दलाची जंत्री नव्हती. इंजिनांच्या आकड्यांवर वाद घालायची मला हौस नाही.

आजी जाऊन अकरा वर्षं झाली. विमान दिसलं की मला हाक मारून "ते बघ तुझं" म्हणायची ती. माझ्या मताला हवं तितकं झोडा, तिच्या पापडांना मध्ये आणू नका. पुन्हा तसं लिहिलंत तर प्रतिक्रिया काढून टाकीन, हे आधीच सांगून ठेवतो.