राखेने डिझेल होतं, पण मेसेजमधलं मिथेनॉल कुठे गेलं?

‘वापरलेल्या तेलात केळीच्या सालीची राख घाला, तासभर उकळा, घरच्या घरी डिझेल तयार. ना केमिकल, ना खर्च!’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातला राखेचा भाग खरा आहे, म्हणून तर लोक फसतात. असे दावे एकेक करून पाहू.

‘राख पुरते.’ केळीत पोटॅशियम भरपूर. साल वाळवून भट्टीत जाळली की मुख्यतः पोटॅशियमचे क्षार उरतात आणि कॉस्टिक सोड्याच्या जागी उत्प्रेरक म्हणून चालतात. आसामात अशाच राखेतून गाळून काढलेलं क्षाराचं पाणी, म्हणजे कोलाखार, स्वयंपाकात वापरतात. तिथल्या संशोधकांनी केळीच्या राखेने बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलासारख्या तेलापासून होणारं डिझेलसारखं इंधन, करूनही दाखवलंय. पण उत्प्रेरक काम घडवतो, कच्चा माल पुरवत नाही.

‘केमिकल नको.’ खरी लबाडी इथे आहे. तेलाच्या रेणूतून ग्लिसरीन सुटून तिथे मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल बसलं, तरच बायोडिझेल होतं. ते नसेल तर राख घालून दिवसभर उकळा, फार तर साबण हाती लागेल. लिटरभर तेलाला साधारण पाव लिटर मिथेनॉल लागतं. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली, ती याच मिथेनॉलमुळे. शिवाय ते ६५ अंशांच्या आसपास उकळतं आणि ही प्रक्रिया चालते साधारण ६० अंशांवर. स्वयंपाकघरात वाफ शेगडीपर्यंत पोचली की भडका, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही.

‘कुठलंही तेल चालतं.’ वडे तळून तळून काळं पडलेलं तेल आम्लधर्मी झालेलं असतं, त्यात पाणीही मुरलेलं असतं. तेलातून सुटी झालेली आम्लं, म्हणजे मोकळी मेदाम्लं, एक-दोन टक्क्यांच्या वर गेली की राखेतला अल्कली ती आधी खातो आणि साबण होतो. मग झालेलं इंधन धुवायला पाणी घालून हलवलं की सगळं ताकासारखं पांढरं. तासन्‌तास थर वेगळे होत नाहीत. म्हणून जाणकार आधी आम्लता मोजतात, जास्त निघाली तर आम्ल वापरून वेगळी प्रक्रिया करतात.

‘थेट टाकीत ओता.’ उरलेलं ग्लिसरीन, साबण, मिथेनॉल काढल्याशिवाय नाही. फिल्टर तुंबतो, इंजेक्टर बिघडतात. बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे भारतीय मानक आहे ते उगाच नाही.

‘खर्च शून्य.’ मिथेनॉल विकत, इंधन विकत. आणि जळकं तेलही फुकटचं राहिलेलं नाही: एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या, वापरलेलं तेल पुन्हा उपयोगात आणायच्या ‘रुको’ उपक्रमापासून हॉटेलांचं तेल गोळा करून बायोडिझेलवाल्यांना देणारे संकलक आहेत आणि ते त्याचे पैसे मोजतात.