पन्नास मिनिटांच्या कनेक्शनवर आईवडिलांना नेऊ नका

पुढच्या उन्हाळ्याच्या तिकिटांची चर्चा अमेरिकेत ओहायोतल्या आमच्या कोलंबसच्या ग्रुपवर सुरू झाली आहे. काल रात्री नऊच्या सुमारास एका मित्राने स्क्रीनशॉट टाकला. कोलंबस ते ॲमस्टरडॅम, मध्ये एकच थांबा, कनेक्शन (विमान बदलायला मिळणारा वेळ) ५५ मिनिटांचं, सगळा प्रवास जेमतेम दहा तासांचा. "आत्ताच बुक केलं!" खाली अंगठ्यांची रांग लागली. त्याच्याबरोबर त्याचे आईवडील येणार आहेत हे मला माहीत आहे, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आपल्या कोलंबसहून युरोपला थेट विमान नाही. न्यूयॉर्क, शिकागो, अटलांटात राहणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही, ते घरून निघतात आणि एका विमानात बसून पोचतात. आपल्याला आधी नेवार्क, डलेस, फिलाडेल्फिया, शार्लट, डेट्रॉइट, अटलांटा नाहीतर शिकागो गाठावं लागतं. तिकीट काढताना आपलं सगळं लक्ष समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या विमानावर असतं. प्रवास बिघडतो तो मात्र बहुतेक वेळा पहिल्या तासा-दीड तासाच्या छोट्या टप्प्यात.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत माझं हेच झालं. भाऊ नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतो. आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती, मध्येच दोन आठवडे लेकाकडे जाऊन यायचं ठरलं. मी सगळ्यात कमी वेळाचं तिकीट काढलं, कारण ६८ वर्षांच्या बाईला जास्त वेळ ताटकळत ठेवायचं नाही असं मनात होतं. कनेक्शन ५० मिनिटांचं. कंपनीनेच विकलं आहे म्हणजे जमत असणार, असं मी धरून चालले.

दुपारी कोलंबसला लख्ख ऊन होतं. पण तिकडे पूर्व किनाऱ्यावर वादळी पाऊस, त्यामुळे आमचं विमान दार लावून पस्तीस मिनिटं जागेवरच उभं. उतरल्यावर गेट रिकामं नव्हतं, तिथे आणखी काही मिनिटं गेली. पन्नास सीटचं छोटं विमान, त्यात चाकांची बॅग वर मावत नाही, चढतानाच ती काढून घेतात. ती परत मिळेपर्यंत एरोब्रिजमध्ये भिंतीला टेकून उभं राहायचं. आईसाठी सांगितलेली व्हीलचेअर आलेली नव्हती. ती आली, मग दुसऱ्या टर्मिनलला नेणारी बस, मग लांबलचक कॉरिडॉर. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा काउंटरवरची बाई कागद आवरत होती. काचेपलीकडे विमान उभं होतं, खिडक्यांत माणसं दिसत होती. आई म्हणाली, "अगं, हे काय समोर उभं आहे की! सांग की त्यांना, दोन मिनिटं लागतील म्हणावं." आंतरराष्ट्रीय विमानाचं दार सुटायच्या वेळेच्या साधारण पंधरा मिनिटं आधी बंद होतं आणि ते कुणासाठी पुन्हा उघडत नाहीत, हे मी तिला कसं सांगणार होते? तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता. लेकासाठी केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

पुढचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. उशीर हवामानामुळे झालेला, त्यामुळे कंपनीकडून हॉटेल नाही. वादळाने शेकडो माणसं अडकलेली, जवळपास कुठे खोली मिळेना. त्या रात्री आई तीन खुर्च्यांवर माझी शाल पांघरून आडवी झाली. तिच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या पर्समध्ये होत्या म्हणून निभावलं, चेक-इन केलेल्या बॅगा कुठे होत्या देव जाणे. पहाटे तिने डबा उघडून मला दशमी दिली. "त्याच्यासाठी उद्या तिकडे जाऊन करीन," म्हणाली.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. आपल्यासारख्या मध्यम विमानतळावरून निघणाऱ्याने जाताना अमेरिकेतल्या थांब्यावर किमान तीन तास ठेवावेत, बरोबर वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर चार-पाच. वेळ वाया जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी विचार करावा, की चुकलं तर पाच तास जात नाहीत, अख्खा दिवस जातो. पूर्व किनाऱ्यावरून युरोपला जाणारी बहुतेक विमानं संध्याकाळी सुटतात, आणि एका शहरासाठी एका कंपनीचं दिवसाला अनेकदा एकच विमान असतं. कोलंबस ते हब (जिथे विमान बदलतो तो मोठा विमानतळ) मात्र दिवसात बरीच विमानं असतात. म्हणजे दिवसभरात जे विमान एकदाच आहे त्याच्यासाठी वेळ राखायचा. उन्हाळ्यात वादळं दुपारनंतर उठतात. सकाळचं विमान घ्या. ते रद्द झालं तरी दुपारचं हाताशी असतं.

कंपनी विकते म्हणजे वेळ पुरेसा आहे, हा गैरसमज मनातून काढून टाका. प्रत्येक विमानतळासाठी किमान कनेक्शनची वेळ ठरलेली असते, आणि त्यात बसलं की बुकिंगची यंत्रणा ते तिकीट दाखवते. सगळं वेळेवर झालं तर चालणाऱ्या माणसाला एका गेटवरून दुसऱ्या गेटवर पोचता येईल, एवढाच त्याचा अर्थ. व्हीलचेअरची वाट बघणं, बाथरूमला जाणं, आईचे दुखरे गुडघे हे त्या हिशेबात धरलेलंच नसतं.

हब कुठला, यानेही खूप फरक पडतो. डेट्रॉइटचं मॅकनमारा टर्मिनल, शार्लट, अटलांटा इथे एकदा सिक्युरिटी झाली की पुन्हा बाहेर यावं लागत नाही. अटलांटात जमिनीखालून ट्रेन आहे, डेट्रॉइटला टर्मिनलच्या आतच. न्यूयॉर्कच्या जेएफकेला टर्मिनल बदलायचं तर बाहेर पडून एअरट्रेन घ्या आणि पुन्हा सिक्युरिटीच्या रांगेत लागा. आणि एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा, काही तिकिटांत उतरायचं लाग्वार्डियाला आणि पुढचं विमान जेएफकेहून असतं. दोन्हीकडे 'न्यूयॉर्क'च लिहिलेलं असतं, शहर वाचून पुढे जाऊ नका.

गाडीने जाण्याचा पर्यायही आहे आणि तो आपण उगाच विसरतो. सिनसिनाटी विमानतळ (तो खरं तर केंटकीत आहे) आपल्यापासून दोन-सव्वादोन तासांवर, तिथून पॅरिस आणि लंडनला थेट विमानं सुरू आहेत. क्लीव्हलँडहून आयर्लंडच्या डब्लिनला जाता येतं. डेट्रॉइट तीन-साडेतीन तास, पण तिथून पर्याय भरपूर. मला स्वतःला जाताना ड्राइव्ह चालते. येताना नाही. रात्रभर नीट झोप नाही, युरोपच्या घड्याळाने मध्यरात्र झालेली, अशा वेळी अंधारात तीन तास हायवेवर गाडी चालवणं मला धोक्याचं वाटतं.

वेगवेगळी दोन तिकिटं काढून तीनशे डॉलर वाचवायचा सल्ला ग्रुपवर दर वर्षी कुणीतरी देतं. आईवडील बरोबर असताना हे करू नका. एका बुकिंगवर सगळा प्रवास असेल तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करणं कंपनीला भाग असतं आणि सामान शेवटपर्यंत जातं. दोन वेगळी तिकिटं असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडालं. ज्याला तसं करायचंच आहे त्याने आदल्या दिवशी त्या शहरात जाऊन मुक्काम करावा.

आता पासपोर्ट. आपल्यातल्या अनेकांचे आणि जवळजवळ सगळ्यांच्या आईवडिलांचे पासपोर्ट भारतीय आहेत, तेव्हा तिकिटाआधी मार्गावरचे देश बघा. मला यंदा टोरांटोमार्गे चांगलं तिकीट दिसलं होतं. पण ग्रीन कार्ड नसेल तर भारतीय पासपोर्टवर कॅनडातून नुसतं पुढे जायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, मी ते सोडलं. ज्यांच्या पासपोर्टातला अमेरिकेचा व्हिसा संपला आहे आणि जे नुसत्या आय-७९७ वर (अर्ज मंजूर झाल्याच्या अमेरिकी नोटिशीवर) इथे आहेत त्यांनी तर फार सांभाळून मार्ग निवडावा, कारण युरोपातल्या ट्रान्झिटच्या सवलती बऱ्याचदा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असणाऱ्यांनाच असतात. आईवडिलांचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) त्यांनी इकडे यायच्या आधी भारतातच काढावा. पर्यटक म्हणून इथे आलेल्यांचा अर्ज वकिलाती सहसा घेत नाहीत.

शेंगेनमध्ये इमिग्रेशन पहिल्या विमानतळावर होतं. फ्रँकफर्टला उतरून पुढे रोमला जायचं असेल तर पासपोर्टची रांग फ्रँकफर्टला. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवी डिजिटल नोंदणी सुरू झाली आहे, बाहेरच्या देशांतल्या प्रवाशांची फोटोसकट नोंद होते, पहिल्या वेळी त्यात वेळ जातो. त्यामुळे युरोपातल्या थांब्यालाही दीड तास आता मला कमी वाटतो.

परतीचं गणित वेगळं आहे आणि तिथे जास्त लोक फसतात. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथे इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून स्वतःची बॅग उचलायची, कस्टममधून बाहेर पडायचं, बॅग पुन्हा द्यायची, आणि पुन्हा सिक्युरिटी. बॅगेवर कोलंबसचा टॅग असला तरी बहुतेक ठिकाणी हे करावंच लागतं. आईच्या दोन मोठ्या बॅगा, त्यातली एक नेहमी शेवटी येते. परतीला तीन तासांच्या खाली मी जाणार नाही. आणि हबहून कोलंबसचं जे शेवटचं विमान असेल त्याच्या आधीचं घ्या, म्हणजे चुकलं तर रात्री घरी पोचायची एक संधी राहते. डब्लिनमार्गे येणाऱ्यांना सोय आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं आणि इथे तुम्ही देशातल्या देशात आल्यासारखे उतरता.

आणखी एक हक्क माहीत असू द्या. युरोपियन युनियनमधून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला त्यांचा २६१/२००४ हा नियम लागू होतो. कंपनीच्या चुकीने तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. इथून जाताना मात्र तो युरोपियन युनियनमधल्या कंपनीच्या विमानालाच लागू होतो. भाडं सारखं असेल तर मी हे बघून ठरवते.

तिकीट काढून विसरून जाऊ नका. जानेवारीत काढलेल्या तिकिटाच्या वेळा मेपर्यंत दोनदा बदललेल्या मी पाहिल्यात. अडीच तासांचं कनेक्शन न विचारता सव्वा तासावर येतं, ई-मेल येतो आणि आपण उघडत नाही. बदल त्यांनी केलेला असल्यामुळे फोन केला की बहुतेक वेळा पैसे न घेता दुसरं विमान देतात. आणि निघायच्या दिवशी कोलंबसलाच उशीर दिसू लागला, तर विमानात बसण्याआधी काउंटरवर जाऊन दुसऱ्या हबमार्गे बदलून मागा. अडकायचंच असेल तर घरापासून पंधरा मिनिटांवर अडकावं, आईला तिच्या गादीवर झोपता येतं.

यंदा मेमध्ये भाच्याचं बारसं होतं. आईला घेऊन पुन्हा गेले, डेट्रॉइटमार्गे, सकाळचं विमान आणि मध्ये पाच तास. तिथून ॲमस्टरडॅमला दिवसाला एकापेक्षा जास्त विमानं आहेत, हेही बघून घेतलं होतं. टर्मिनलच्या मधोमध काळ्या दगडाचं गोल कारंजं आहे, पाण्याच्या धारा एकीकडून उडून दुसरीकडे अलगद पडतात. आई तिथे बराच वेळ बसली. मग व्हीलचेअर नको म्हणाली आणि रंगीत दिव्यांच्या बोगद्यातून माझा हात धरून चालत गेली. आम्ही जेवलो, तिने गोळी घेतली, तासभर डुलकी काढली. बोर्डिंगच्या आधी गेटवर पोचून पाऊण तास झाला होता. दशम्यांचा डबा या वेळी आइंडहोवनला पोचला.

स्क्रीनशॉटवाल्या मित्रा, तू तिकीट थेट कंपनीच्या साइटवरून काढलं आहेस आणि प्रवासाला सात दिवसांहून बराच जास्त वेळ आहे, म्हणजे अमेरिकेच्या नियमाप्रमाणे २४ तासांत रद्द केलंस तर पूर्ण पैसे परत मिळतात. तुझे २४ तास आज रात्री नऊला संपतात. सकाळचं विमान मी शोधून ठेवलं आहे, भाड्यात चाळीस डॉलरचा फरक पडतो. फोन कर, मी घरीच आहे.