नाट्यगृह पाडा, पण आधी करार दाखवा

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय अधूनमधून डोकं वर काढतो आणि प्रत्येक वेळी तोच वाद होतो. परळच्या 1922 सालच्या दामोदर नाट्यगृहाच्या पाडकामाला रंगकर्मींनी विरोध केला, तेव्हाही वेगळं काही घडलं नाही. एक बाजू म्हणते, आमच्या आठवणी आहेत, हात लावू नका. दुसरी म्हणते, वास्तू जुनी झाली, नवं संकुल बांधू. नॉर्वेच्या राजधानीतून, ऑस्लोतून, हे वाचताना एक गोष्ट फार खटकते. लेखी काय ठरलंय, हे कुणीच विचारत नाही. ऑस्लोने गेल्या शंभर वर्षांत सांस्कृतिक वास्तू पाडल्या, हलवल्या, वर्षानुवर्षं बंदही ठेवल्या. आधी करार झाला तिथे शहराचं भलं झालं, आणि जिथे मधल्या काळाची सोय राहून गेली तिथे लोकांना भोगावं लागलं.

सर्वांत जुनं उदाहरण शिल्पकार गुस्ताव विगेलँड यांचं. हॅमर्सबर्ग भागातला त्यांचा स्टुडिओ शहराला पाडायचा होता, कारण तिथे सार्वजनिक ग्रंथालय उभं करायचं होतं. वाद झाला, आणि तो 1921 मध्ये कराराने मिटला. नगरपालिकेने त्यांना फ्रोग्नरला नवा स्टुडिओ आणि राहायला घर बांधून द्यायचं, बदल्यात त्यांचं सगळं काम शहराच्या मालकीचं. आज फ्रोग्नरच्या उद्यानात त्यांची 200हून अधिक शिल्पं आहेत. एकाच ग्रॅनाइटच्या शिळेत 121 मानवी आकृत्या कोरलेला, सुमारे 14 मीटर उंच स्तंभ आहे. तो कोरायला तीन पाथरवटांना चौदाएक वर्षं लागली. उद्यानाला तिकीट नाही, ते दिवसरात्र उघडं असतं. स्टुडिओचं 1947 मध्ये संग्रहालय झालं.

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे. तो पुढे आला, हे खरं. पण नॉर्वेला मोठा तेलसाठा सापडला 1969 च्या अखेरीस. चित्रकार एडवर्ड मुंक यांनी 1940 च्या मृत्युपत्राने आपली चित्रं ऑस्लो शहराला दिली, आणि त्यांच्यासाठी टोयेन भागात 1963 मध्ये जे संग्रहालय उघडलं, ते नगरपालिकेच्या सिनेमागृहांच्या नफ्यातून. तेव्हा ऑस्लोत सिनेमागृहं पालिका चालवायची. लोक सिनेमाला जायचे आणि त्या तिकिटांतून चित्रांचं घर उभं राहायचं. ही सिनेमागृहं 2013 मध्ये विकली गेली, आणि तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. आपल्याकडेही सिनेमाच्या तिकिटांवर करमणूक कर होता. 2017 मध्ये तो जीएसटीत विलीन झाला. त्या कराचा एक ठरावीक हिस्सा नाट्यगृहांच्या दुरुस्तीसाठी बांधून ठेवा, अशी मागणी तेव्हाच जोरात व्हायला हवी होती.

खरा धडा मात्र टोयेनचाच आहे. हा पूर्व ऑस्लोतला, कमी उत्पन्नाच्या आणि स्थलांतरित कुटुंबांचा भाग. मुंक संग्रहालय तिथून हलवून बंदरालगत ब्योर्विकाला न्यायचं ठरलं. 2009 मध्ये आराखड्याची स्पर्धा झाली, 2011 मध्ये नगर परिषदेने प्रकल्प गुंडाळला, 2013 मध्ये तो पुन्हा हाती घेतला. एका डाव्या पक्षाच्या पाठिंब्याशिवाय बहुमत होत नव्हतं. त्या पक्षाने अट घातली: संग्रहालय न्या, पण टोयेनला काय देणार ते लिहून द्या. त्यातून ‘टोयेन करार’ झाला आणि परिसराच्या सुधारणेसाठी निधी बांधला गेला. त्याच काळात, 2016 मध्ये, तिथे मुलांचं एक ग्रंथालय सुरू झालं. ते फक्त 10 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी आहे. प्रौढांना आत प्रवेश नाही, आईवडिलांनाही नाही. जुन्या ट्रकमध्ये स्वयंपाकघर केलंय आणि मुलं तिथे स्वतः रांधतात. कराराने टोयेनची गरिबी हटली नाही, पण संग्रहालय गेलं आणि हाती काहीच उरलं नाही, असंही झालं नाही.

आता चुकलेलं. ऑस्लोतलं राष्ट्रीय कलादालन जानेवारी 2019 मध्ये बंद केलं आणि नवं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं 11 जून 2022 ला. तीन वर्षांहून अधिक काळ देशाचा मुख्य चित्रसंग्रह लोकांना त्याच्या जागी पाहता आला नाही. शाळेतल्या मुलांसाठी तीन वर्षं फार मोठी असतात. वायकिंग दर्यावर्दींच्या जहाजांचं संग्रहालय 2022 पासून बंद आहे आणि 2027 मध्ये उघडायचं ठरलंय. तिथे निदान कारण पटतं. हजार वर्षांहून जुनं लाकूड इतकं नाजूक आहे की कामाच्या हादऱ्यांपासून ते जपावं लागतं. 1899 च्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा वाद तर इथेही वर्षानुवर्षं लोंबकळतोय.

नव्या वास्तूत काय मागावं, हे पाहायचं तर ऑपेरा हाउस पाहावं. 2008 मध्ये उघडलेल्या या वास्तूचं पांढऱ्या संगमरवराचं छत थेट जमिनीपासून उतारासारखं वर जातं, त्यावर कोणीही चालतं. (पावसाळी हवेत गुळगुळीत तळव्याचे बूट घालून जाऊ नये. बर्फ साचलं की काही भाग बंद करतात.) तिकीट नसलं तरी दिवसा आतल्या दालनात बसता येतं, स्वच्छतागृह वापरता येतं. रस्त्याच्या बाजूच्या खिडक्यांतून आतल्या कार्यशाळा दिसतात. प्रेक्षागृहात प्रत्येक खुर्चीच्या पाठीला छोटा पडदा आहे, त्यावर गाण्याचा अनुवाद वाचता येतो. आपली बहुतेक नाट्यगृहं प्रयोग नसला की कुलूपबंद असतात. मग ती वाचवायची वेळ आली की सगळी लढाई रंगकर्मींवर पडते, कारण शेजारच्या वस्तीतल्या माणसाचा त्या वास्तूशी रोजचा संबंधच आलेला नसतो.

बालगंधर्व पाडायचंच ठरलं, तर पाडकामाआधी पुढची कलमं कागदावर हवीत. पर्यायी रंगमंच आधी सुरू झाला पाहिजे आणि तिथल्या तारखांच्या वाटपात व्यावसायिक नाटक, प्रायोगिक नाटक, लावणी, शाळांची संमेलनं यांचा वाटा ठरलेला हवा. आसनसंख्या आजच्यापेक्षा कमी होणार नाही आणि भाडं किती वर्षं वाढणार नाही, हे आकड्यांत हवं. सेटचा टेम्पो थेट रंगमंचाच्या पाठीमागे लागला पाहिजे. संकुलाच्या तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्टने सेट चढवावा लागला, तर दुपारच्या प्रयोगानंतर रात्रीचा प्रयोग वेळेवर उभा राहणार नाही. विंगांची रुंदी, रंगपटाला (मेकअपच्या खोलीला) लागून स्त्री कलाकारांचं स्वतंत्र स्वच्छतागृह, तालमीची खोली, हे नकाशात दिसलं पाहिजे. दुकानांचं भाडं पालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणेच्या देखभालीच्या खात्यात जमा व्हावं. उशीर झाला तर दर महिन्याला दंड किती आणि तो कुणाला मिळणार, हेही ठरलेलं हवं. आणि निविदा निघण्याआधी हा मसुदा मराठीत, पूर्ण, रंगमंदिराच्या दारात लावा.